चॅम्पियनचं ताट लेकीपुढे मांडण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टहून एका वडिलांनी लिहिलं आहे. मूळचे सांगलीचे, तिकडे स्थायिक होऊन बरीच वर्षं झाली. त्यांची १७ वर्षांची लेक स्पर्धात्मक सर्फिंग करते. ज्युनियर गटात तिचे निकाल चांगले आहेत आणि तिला जागतिक टूरपर्यंत, म्हणजे अव्वल सर्फरांच्या जागतिक स्पर्धामालिकेपर्यंत, पोचायचं आहे. रोज पहाटे अनशापोटी पाच किलोमीटर धावणं, शाळेआधी आणि शाळेनंतर समुद्र, आठवड्यातून तीनदा जिम असा तिचा दिनक्रम. वर्षभरापूर्वी कोच म्हणाला, "थोडी हलकी झालीस तर वळणं आणखी जलद होतील." तेव्हा वडिलांनी जगज्जेत्या सर्फर मुली दिवसभरात काय खातात याचे व्हिडिओ बघून एक तक्ता केला. सकाळी स्मूदी, दुपारी सॅलड आणि अंडी, रात्री भाजलेल्या भाज्या आणि टोफू. भात, पोळी, साखर बंद. सगळं वजनकाट्यावर मोजून दिवसाला साधारण १७०० कॅलरी. घर शाकाहारी आहे, लेक अंडी खाते. वजन ५८ किलोंवरून ५४ वर आलं. सुरुवातीला सगळेच खूश होते. आता मात्र ती शेवटच्या हीटपर्यंत (हीट म्हणजे स्पर्धेतली एक फेरी) दमून जाते, घरात चिडचिड करते, आणि पाच महिने पाळी आली नसल्याचं तिने आईला सांगितलं आहे. कोचच्या मते जोरात ट्रेनिंग करणाऱ्या मुलींचं असं होतंच. सांगलीहून आलेली आजी म्हणते, पोरीला उपाशी मारताय. राज्यस्तरीय स्पर्धा दीड महिन्यावर आहे. वडील विचारतात: "एलिट महिला सर्फर नेमका कोणता आहार घेतात? त्याचा शाकाहारी तक्ता मिळेल का? आणि पाळीचं काय ते स्पर्धा झाल्यावर बघितलं तर चालेल का?"

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, स्पर्धेनंतर बघून चालणार नाही. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

हे विचारताना संकोच वाटला, असं तुम्ही लिहिलंय. तरीही विचारलंत, याचं मला मनापासून बरं वाटलं. मुलीचा खेळ सांभाळणारे, पहाटे बोर्ड गाडीवर बांधणारे बहुतेक वेळा बाबाच असतात, आणि पाळीचा विषय तेवढा आईकडे ढकलला जातो. खेळाडू मुलीच्या बाबतीत पाळी ही तिच्या प्रकृतीची आणि ट्रेनिंगची सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. तुम्ही तिच्या हीटचे गुण लिहून ठेवता, वजन लिहून ठेवता. ही नोंद मात्र पाच महिने कुणाच्याच वहीत नव्हती.

कोचचं म्हणणं अर्धं खरं आहे. असं अनेकींचं होतं. पण अनेकींचं होतं म्हणून ते निरोगी ठरत नाही. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही की वैद्यकीय तपासणी करायचीच, हा साधा नियम आहे. खाणं अपुरं पडणं, पाळी थांबणं आणि हाडं ठिसूळ होणं हे तिन्ही एकत्र येतं, हे खेळाडू मुलींच्या बाबतीत १९९०च्या दशकातच मांडलं गेलं होतं. २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढवली आणि त्या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. खेळासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडत राहिलं की शरीर एकेक खातं बंद करायला घेतं. आधी प्रजननाचं, मग हाडांच्या बांधणीचं, मग प्रतिकारशक्तीचं, आणि सोबत मन:स्थितीही बिघडते. डॉक्टरांकडे 'रेड-एस' हा शब्द नक्की उच्चारा. तुमच्या नेहमीच्या जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, तो फारसा परिचयाचा नसेल, तर क्रीडावैद्यक तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा.

आता एक हिशोब सांगते. तो तुम्हा दोघांसाठी आहे, जेवणाच्या टेबलावर लेकीपुढे मांडण्यासाठी नाही.

५४ किलो वजनाच्या तरुण खेळाडू मुलीच्या शरीरात चरबी सोडून उरलेलं वजन साधारण ४३ किलो धरू. खेळात खर्च होणाऱ्या कॅलरी वजा केल्यावर, या ४३ किलोंमधल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ४५ कॅलरी शिल्लक राहिल्या तर शरीराचं कामकाज नीट चालतं. ती शिल्लक ३०च्या खाली गेली, की पाळी नियंत्रित करणारी संप्रेरकं विस्कळीत होऊ लागतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. ३० ही काही सगळ्यांसाठी आखलेली काटेकोर रेषा नव्हे, कुणाची पाळी आधी बिघडते, कुणाची उशिरा. पण अंदाजासाठी ती पुरेशी आहे. तुमच्या लेकीचं धावणं, दोन वेळचा समुद्र आणि जिम यांचे मिळून दिवसाला ८०० कॅलरी धरल्या, तर तुमच्या तक्त्यातल्या १७०० पैकी ९०० उरतात. ४३ने भागा. २१ येतात. तिला लागतात साधारण २७००, आणि तीही अजून वाढीच्या वयात असताना.

म्हणजे वर्षभर शिस्तीने पाळलेला तक्ता रोज जवळजवळ हजार कॅलरींनी तोकडा होता. हे वाचून तुम्हाला त्रास होईल, ते मला कळतं. तुम्ही हे प्रेमाने आणि कष्टाने केलंत. पण शेवटच्या हीटमधला थकवा, चिडचिड आणि थांबलेली पाळी यांची तीन वेगवेगळी कारणं शोधत बसू नका. एकच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

शक्यता म्हणतेय, खात्री नाही. थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढणं, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरक-विकार) अशा इतर कारणांनीही पाळी थांबते, आणि ती डॉक्टरांनीच तपासून बाजूला करायची असतात. संप्रेरकांसोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासलं जाईल. गरज वाटली तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅनही सांगतील. गर्भधारणेची चाचणीही करतात, ती प्रत्येक मुलीची करतात, त्याचा वेगळा अर्थ लावू नका. आणि तपासणीत काही वेळ डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. १७ वर्षांच्या मुलीला आई-बाबांसमोर न सांगता येण्यासारखं बरंच असतं, विशेषतः खाण्याबद्दल.

कुणी पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या तर थांबून प्रश्न विचारा. त्या गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण ती शरीराची स्वतःची पाळी नसते. ऊर्जेची तूट तशीच राहते, हाडांना त्यातून संरक्षण मिळत नाही, आणि धोक्याची खूण तेवढी झाकली जाते. मूळ उपचार खाणं वाढवणं आणि काही काळ कष्ट कमी करणं हाच आहे.

हाडांबद्दल मी एवढं का बोलतेय? आयुष्यभर पुरवायची हाडांची पुंजी बहुतांशी विशीच्या आसपासपर्यंतच जमा होते. त्यात सर्फिंगमध्ये मुलगी बराच वेळ बोर्डवर पालथी पडून हात मारत असते. धावण्या-उड्या मारण्याने हाडांना जो भार मिळतो, तो यात मिळत नाही. या वयात पाळीविना गेलेला काळ नंतर पूर्ण भरून निघेलच असं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न: एलिट महिला सर्फर काय खातात?

या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे. चॅम्पियनचं एक ठरावीक ताट असतं, आणि ते उतरवून घेतलं की आपली मुलगीही तिथे पोचते. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये एका खेळाडूचा एक दिवस असतो, तोही कॅमेऱ्यासमोर घालवलेला. त्या दिवशी ती किती वेळ पाण्यात होती, मागे आहारतज्ज्ञ कोण, कॅमेरा बंद झाल्यावर तिने काय खाल्लं, ती २७ वर्षांची आहे की १७, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही. कितीतरी वेळा त्या स्मूदीच्या पावडरचा प्रायोजकच व्हिडिओचा खर्च करत असतो.

शिवाय त्या जगज्जेत्यांच्या अंगकाठ्या बघा. आठ जागतिक विजेतेपदं मिळवणारी ऑस्ट्रेलियाची स्टेफनी गिलमोर उंच, लांब हातापायांची. टोकियोत महिला सर्फिंगचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी हवाईची करिसा मूर भक्कम, दणकट बांध्याची. २०२३ची जगज्जेती आणि पॅरिस ऑलिंपिकची सुवर्णविजेती कॅरोलिन मार्क्स ताकदीच्या वळणांसाठीच ओळखली जाते. २०२४मध्ये अवघ्या १८व्या वर्षी जगज्जेती झालेली केटी सिमर्स या सगळ्यांपुढे चणीने लहान. या चौघींना एकच ताट कसं पुरेल?

करिसा मूरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या लेकीला ही गोष्ट माहीत असायला हवी. पाच वेळा जगज्जेती झालेली ही मुलगी. किशोरवयात आणि टूरवरच्या सुरुवातीच्या वर्षांत आपल्या वजनाबद्दल, दिसण्याबद्दल होणाऱ्या बोलण्याने ती खचत गेली, उपाशी राहणं आणि मग भान सुटून खाणं या चक्रात अडकली, हे तिने स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. पुढे तिने मुलींना आत्मविश्वास देण्यासाठी 'मूर अलोहा' ही संस्था काढली. बाहेरून पाहणाऱ्यांना त्या काळातही तिचं ताट 'चॅम्पियनचं ताट' म्हणूनच दिसलं असतं.

मग हलकं असण्याचा हा आग्रह येतो कुठून? परीक्षकांकडून नाही, हे ठामपणे सांगता येतं. सर्फिंगमध्ये प्रत्येक लाटेला १०पैकी गुण मिळतात आणि सर्वोत्तम दोन लाटांची बेरीज धरतात. कसोट्या कोणत्या, तर केलेल्या हालचालींची अवघडता आणि त्यातली धडाडी, नावीन्य, विविधता, त्यांची जोडणी, आणि वेग, ताकद, ओघ. त्या यादीत ताकद आहे. सडपातळपणा कुठेही नाही. तो आग्रह जाहिरातींतून येतो. ब्राझीलची सिल्वाना लिमा दोनदा जागतिक उपविजेती राहिली. आपण मॉडेलसारख्या दिसत नाही म्हणून प्रायोजक मिळत नाहीत, असं तिने उघडपणे सांगितलं होतं, आणि टूरचा खर्च भागवायला तिला कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकावी लागली. २०१९पासून जागतिक टूरवर स्त्री-पुरुषांना समान बक्षीस रक्कम मिळते, पण बिकिनीतल्या फोटोंचं वजन मुलींच्या मनावरून उतरायला अजून वेळ लागेल. तुमच्या लेकीवर कोचच्या एका वाक्याचा नव्हे, या सगळ्याचा भार आहे.

कोचच्या वाक्यात तथ्य किती, तेही बघू. बोर्डवर कमी भार असला तर काही बाबतीत फायदा होतो, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजलेलं असतं, आणि चांगला शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारा कारागीर, सर्फरचं वजन, उंची, लाटेची जात बघून ते कमी-जास्त करून देतो. ५८ किलोच्या मुलीसाठी तिच्या वजनाला साजेसा बोर्ड मिळतो. मग मुलगी कशाला कापायची? आणि सर्फिंगमध्ये वेळ कुठे जातो ते पाहा. स्पर्धांच्या चित्रीकरणावरून केलेल्या अभ्यासांत असं दिसतं की साधारण निम्मा वेळ पॅडलिंगमध्ये, म्हणजे पालथं पडून हात मारण्यात, जातो, बराचसा लाटेची वाट पाहण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर दहा टक्क्यांहून कमी. म्हणजे खांदे, पाठ आणि दम यांवर हीट जिंकली जाते. शेवटच्या पाच मिनिटांत चांगली लाट दिसली आणि हात उचलेनासे झाले, तर कमी केलेले चार किलो काय कामाचे? महिलांच्या टूरची दिशाही ताकदीकडेच आहे. ताहितीतली तेआहुपो ही प्रवाळावर कोसळणारी जड लाट १६ वर्षांनी, २०२२मध्ये, महिलांच्या टूरवर परत आली. २०२४चं ऑलिंपिक सर्फिंगही तिथेच झालं. तुमच्या लेकीला त्या टूरवर जायचं असेल तर तिला स्नायू लागणार आहेत, आणि ते भात-पोळी बंद करून बनत नाहीत.

म्हणून मी तुम्हाला नवा तक्ता देत नाही. तो आधी तिच्या तपासण्या हातात घेऊन, तिच्याशी बोलून, एखाद्या क्रीडा-आहारतज्ज्ञाने करायचा. पण तोवर घरी काय करता येईल ते सांगते.

पहाटेचं अनशापोटी धावणं आजपासून बंद. सर्फिंगसाठी त्याची फारशी गरज नाही आणि दिवसाची सुरुवातच तोट्यात होते. जिमही डॉक्टरांना भेटेपर्यंत थांबवा. भात आणि पोळी ताटात परत आणा, दोन्ही वेळेला, मोजल्याशिवाय. दमवणाऱ्या खेळात स्नायू कर्बोदकांवर चालतात. तिच्यासारख्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ ते ७ ग्रॅम, आणि भरपूर सरावाच्या दिवशी त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे कमीत कमी २७० ग्रॅम. सॅलड आणि भाजलेल्या भाज्यांतून हा आकडा गाठायचा तर दिवसभर चावत बसावं लागेल. पोटही आधी भरतं, आणि मुलीला वाटतं, आपण पुष्कळ खाल्लं. तुमच्या तक्त्यातली खरी फसगत तिथे आहे. ताट भरलेलं दिसत होतं.

पाण्यात उतरण्याआधी काय, हा सर्फिंगचा खास प्रश्न आहे. बोर्डवर पालथं पडल्यावर पोटावर सगळा दाब येतो. तेलकट, चोथ्याचं, जड काही पोटात असेल तर ते वर येतं. कच्चा पालक आणि चिया घातलेली स्मूदी दिसायला कितीही गुणकारी असली तरी हीटआधी अडचणीचीच. पहाटे उठल्यावर केळं आणि मध लावलेला टोस्ट, किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू, एवढं पुरे. खरी न्याहारी पाण्यातून बाहेर आल्यावर, तासाभराच्या आत: शेंगदाणे घातलेले पोहे, दोन अंडी, पेलाभर दूध. शाळेच्या डब्यात पनीर घालून पोळीची गुंडाळी, दही, फळ. संध्याकाळच्या समुद्राआधी चिक्की किंवा सँडविच. रात्री वरण-भात, तूप, भाजी, आणि झोपताना दूध. आजींना स्वयंपाकघरात जरूर घ्या, पण एक विनंती करून: "किती वाळलीस" हेही म्हणायचं नाही, आणि "आता कशी भरलीस" हेही नाही.

प्रथिनांबद्दल आपल्या शाकाहारी घरांत एक गैरसमज पक्का आहे, की वरण झालं म्हणजे प्रथिनं झाली. पातळ वरणाच्या वाटीत पाणीच जास्त असतं. तिला दिवसाला साधारण ८० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतील, आणि ती एकदम रात्री टोफूतून नव्हे, चार-पाच वेळा थोडी थोडी मिळायला हवीत. घट्ट डाळ, उसळ, अंडी, पनीर, टोफू, घट्ट दही, दूध, सोयाबीन यांतलं काही ना काही प्रत्येक खाण्यात असू द्या. ऑस्ट्रेलियात सहज मिळणारं चॉकलेटचं दूध सरावानंतर उत्तम, त्यातल्या साखरेला घाबरू नका. आणि कॅलरी पुरत नसतील तर खाल्लेली प्रथिनं शरीर इंधन म्हणून जाळून टाकतं, हे लक्षात असू द्या.

लोहाचं प्रकरण शाकाहारी खेळाडू मुलींमध्ये नेहमीच नाजूक असतं. डाळी-पालेभाज्यांमधलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. सोबत लिंबू, पेरू, संत्रं असं काही क जीवनसत्त्वाचं दिलं तर बरंच सुधारतं, आणि जेवणासोबतचा चहा ते अडवतो. चहा तासभर मागे-पुढे ढकला. गोळ्या मात्र फेरिटिनचा आकडा आल्याशिवाय सुरू करू नका, जास्तीचं लोह अपायकारक असतं. कॅल्शियमची गरज या वयात ऑस्ट्रेलियातल्या शिफारशीनुसार दिवसाला १३०० मिलिग्रॅम आहे. दूध-दही-पनीर रोज तीन-चार वेळा झालं तरच तिथवर पोचता येतं. बदामाचं दूध आणत असाल तर डब्यावर कॅल्शियम घातल्याचं लिहिलंय का ते बघा, आणि त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात हेही ध्यानात घ्या. घरात सोमवार, चतुर्थीचे उपास असतील तर सध्या तिला त्यातून मोकळीक द्या.

स्पर्धेच्या दिवसाची गोष्ट वेगळी. तुम्हाला माहीतच आहे, सर्फिंगची स्पर्धा घड्याळावर चालत नाही. लाटा कशा आहेत ते बघून सकाळी ठरतं, आज होणार की नाही. कधी सातला हीट, कधी चार तास थांबून दुपारी, कधी दिवसच फुकट. टूरवरच्या खेळाडू ब्राझीलच्या साक्वारेमापासून दक्षिण आफ्रिकेच्या जेफ्रीज बेपर्यंत आणि रस्ता जिथे संपतो त्या तेआहुपो गावापर्यंत फिरतात. जिथे जे मिळेल त्यातून पुरेसं खायचं, पोट ओळखायचं, वेळ बदलली तरी घाबरायचं नाही, हे त्यांना जमावं लागतं. एलिट खाणं कशाला म्हणायचं असेल तर मी या लवचिकपणाला म्हणेन. मोजून बांधलेल्या तक्त्यावर वाढलेली मुलगी पहिल्याच परदेश दौऱ्यात गडबडते. म्हणून एस्कीत, म्हणजे खाणं गार ठेवणाऱ्या पेटीत, दोन प्रकारचं सामान ठेवा. पुढच्या हीटला दोन तासांहून जास्त वेळ असेल तर दही-भात, इडली, साधं सँडविच. तासाभराहून कमी असेल तर केळं, खजूर, गोड पेय. भीतीने घास उतरत नसेल तर पातळ लस्सी. पाण्यात असल्याने तहान जाणवत नाही, पण वेटसूटच्या आत घाम येतच असतो. बाहेर आली की हातात बाटली द्या.

आता ट्रेनिंगबद्दल. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. सगळं जसंच्या तसं चालू ठेवून स्पर्धा उरकणं, ही मी आधीच नाकारली आहे. दुसरी, बोर्डच काढून घेणं. डॉक्टर म्हणाले तर तेही करावं लागेल, पण घाबरून आपणहून करू नका. समुद्र हे तिचं जग आहे, आणि खाणं बिघडलेल्या मुलीकडून तेही हिरावलं तर ती आणखी आत जाते. मला तिसरी वाट योग्य वाटते: धावणं आणि जिम बंद, दिवसाला एकदाच समुद्र, खाणं वाढलेलं, आणि राज्यस्तरीय स्पर्धेत उतरायचं की नाही हा निर्णय डॉक्टरांवर सोपवलेला. रेड-एसची तीव्रता बघून खेळाडूला खेळू द्यायचं का हे ठरवण्याची पद्धत त्यांच्याकडे असते. पाळी परतायला काही महिने लागू शकतात. ही स्पर्धा हुकली तर वाईट वाटेल, पण ती १७ वर्षांची आहे. गिलमोरचं पहिलं विजेतेपद २००७चं आणि आठवं २०२२चं, हे आकडे तिला दाखवा.

कोचशी तुम्ही स्वतः बोला, लेकीला मध्ये घालू नका. भांडणाची गरज नाही. "डॉक्टरांकडून लेखी सल्ला येईपर्यंत तिच्या वजनाबद्दल कुणीही बोलायचं नाही, आणि पाळीबद्दलचा निर्णय डॉक्टरच घेतील," एवढं शांतपणे सांगा. तो समजूतदार असेल तर ऐकेल. ऐकत नसेल, तर कोच बदलता येतो.

आणि घरातला वजनकाटा, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला, दोन्ही उचलून ठेवा. हे तुम्ही स्वतः करा आणि तिला सांगा, की मी केलेला तक्ता तुझ्या शरीराला पुरत नव्हता, त्यात तुझी काही चूक नाही. ती कदाचित भात खायला घाबरेल. वर्षभर ज्या पदार्थाला शत्रू मानलं, तो एका दिवसात मित्र होत नाही. जबरदस्ती करू नका, पण ताटात वाढा, आणि तुम्ही सगळे तेच खा. ती एकटीच जेवायला लागली, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊ लागली, भुकेबद्दल खोटं बोलू लागली, एक सराव चुकला तरी अस्वस्थ होऊ लागली, तर प्रश्न ताटापुरता राहिलेला नाही असं समजा. तिथे बटरफ्लाय फाउंडेशनची मदतसेवा आहे, आणि खाण्याच्या विकारांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ती मदत उशिरा घेण्यापेक्षा लवकर घेतलेली बरी.

हे उत्तर इथल्या वाचकांसाठीही आहे. मुंबईत वाढलेल्या इशिता मालवीयने सर्फिंग सुरू केलं तेव्हा आपल्याकडे मुलींचं सर्फिंग जवळजवळ नव्हतंच. आज कर्नाटकातलं मुळकी, महाबलीपुरम, गोवा इथे मुली लाटांवर उतरतात, आणि २०२६च्या आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये सर्फिंगचा पहिल्यांदाच समावेश आहे. या मुलींना, आणि पोहणाऱ्या, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या, लांब पल्ल्याचं धावणाऱ्या, नाचणाऱ्या सगळ्याच मुलींना हे लागू आहे. पाळी थांबली की सुटलो, असं मानणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांच्या आयांनी आणि बाबांनी महिन्यातून एकदा सहजपणे विचारायला हवं.

पत्राच्या शेवटी तुम्ही प्रोटीन पावडर आणि 'फॅट बर्नर'बद्दल विचारलं होतं. फॅट बर्नर घरात असेल तर टाकून द्या. अशा उत्पादनांत डब्यावर न लिहिलेले, बंदी असलेले घटक सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि उत्तेजक चाचणीत दोष खेळाडूवरच येतो. प्रोटीन पावडर आहारतज्ज्ञांनी सुचवली तरच, आणि प्रत्येक बॅचची स्वतंत्र तपासणी झाल्याची खूण असलेलीच घ्या. तपासण्यांचे निकाल आले की, लेकीची हरकत नसेल तर, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्वाचे आकडे मला कळवा. शाकाहारी घरात ते कसे भरून काढायचे, याचं उत्तर आकडे समोर ठेवून देता येईल.